एका कुपीतला कार्बन आणि अख्खा समुद्र : संशोधन-जहाजांवरील किरणोत्सर्गाचा इतिहास (थ्रेड)

ऑक्टोबर १९५० मध्ये कोपनहेगन बंदरातून ‘गॅलाथिया’ हे डॅनिश जहाज जगप्रदक्षिणेला निघाले. अतिखोल समुद्रात जीवसृष्टी आहे काय, हे पाहणे हा या मोहिमेचा गाजलेला हेतू. पुढल्या वर्षी जुलैत फिलिपीन गर्तेच्या तळातून, दहा हजार मीटरांहून अधिक खोलीवरून, तिने प्राणी वर काढले आणि वृत्तपत्रांना मथळा मिळाला. त्याच जहाजावर बोटाएवढ्या, सीलबंद काचेच्या काही कुप्याही होत्या. त्यांच्यावर मथळे झाले नाहीत. समुद्रविज्ञानाला मात्र खोल गर्तेतल्या प्राण्यांपेक्षा त्या कुप्यांनीच अधिक बदलले.

कुप्यांत होते किरणोत्सर्गी कार्बनचे, म्हणजे कार्बन-१४ चे, बायकार्बोनेट. त्या तिथे आणल्या होत्या आयनर स्टीमन नील्सन या वनस्पतिशरीरशास्त्रज्ञाने. त्याचा प्रश्न साधा होता: समुद्रातील सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, एका दिवसात किती कार्बन अन्नात बदलतात? मासळीपासून देवमाशापर्यंत सगळ्यांचे पोट या एका आकड्यावर चालते.

या प्रश्नावर जुना उपाय होता. गार्डर आणि ग्रान या नॉर्वेजियन संशोधकांनी १९२७ मध्ये तो मांडला: समुद्राचे पाणी एका पारदर्शक आणि एका काळ्या बाटलीत भरायचे, ठरावीक वेळ ठेवायचे आणि दोहोंतील प्राणवायूचा फरक मोजायचा. किनाऱ्याजवळच्या सुपीक पाण्यात ही रीत चाले. खुल्या महासागरातील निळ्याशार, जवळजवळ ओसाड पाण्यात मात्र फरक इतका सूक्ष्म पडे की तो मोजमापाच्या चुकीतच हरवून जाई.

कार्बन-१४ ने ही अडचण सोडवली. कुपी फोडून बाटलीतल्या पाण्यात ओतायची, बाटली उजेडात ठेवायची, मग पाणी बारीक गाळणपटातून गाळायचे. प्लवकांनी प्रकाशसंश्लेषणात जेवढा किरणोत्सर्गी कार्बन घेतला, तेवढा गाळणपटावर राहतो. तो गायगर गणकाखाली मोजला की उत्तर हाती. प्राणवायूच्या पद्धतीपेक्षा ही रीत कैक पटींनी संवेदनशील होती. १९५२ साली स्टीमन नील्सनने ती प्रसिद्ध केली. त्याने काढलेला जागतिक उत्पादनाचा अंदाज आधीच्या अंदाजांपेक्षा कित्येक पटींनी कमी भरला आणि त्यावर पुढे बरीच वर्षे वाद रंगला. तो वाद हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.

येथे एक तपशील नोंदवण्याजोगा. कार्बन-१४ चा शोध १९४० मध्ये बर्कली येथे मार्टिन केमन आणि सॅम रूबेन यांनी लावला. त्यांपैकी रूबेन तीनच वर्षांत प्रयोगशाळेतील अपघातात गेला. त्याचा जीव घेणारा पदार्थ किरणोत्सर्गी नव्हता. तो होता फॉसजीन हा विषारी वायू, आणि निमित्त होते तडकलेली काचेची कुपी. प्रयोगशाळेतील धोका बहुधा जिकडे सगळे डोळे लावून बसलेले असतात, त्या दिशेने येत नाही. जहाजांच्या बाबतीतही हेच घडायचे होते.

माणसाच्या देहाच्या दृष्टीने कार्बन-१४ हा तसा सौम्य समस्थानिक आहे. त्यातून निघणारे बीटा कण हवेत वीतभर अंतर जेमतेम कापतात आणि काचेच्या भिंतीतच अडकतात. कुपी हातात धरली म्हणून काही होत नाही. धोका आहे तो पोटात किंवा फुप्फुसात गेल्यास. म्हणून तोंडाने पिपेट ओढू नये, प्रयोगाच्या जागी खाऊ-पिऊ नये, हातमोजे घालावेत, हे नियम. एका बाटलीत साधारण ५ मायक्रोक्युरी एवढी मात्रा घालतात. अमेरिकी नियमांत एका कामगाराने वर्षभरात पोटात जाऊ देण्याची मर्यादा आहे २ मिलिक्युरी, म्हणजे अशा चारशे बाटल्यांइतकी. एक बाटली सांडली तर माणसाच्या आरोग्याच्या हिशेबात ती किरकोळ घटना ठरते.

डेन्मार्कने या पद्धतीची जगाला जणू रसदच पुरवली. तेथे उभ्या राहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडून प्रमाणित कुप्या देशोदेशींच्या जहाजांना जात आणि वाळवलेले गाळणपट मोजणीसाठी परत येत. वरवर पाहता ही केवळ सोय होती. नीट पाहिले तर ती सुरक्षेची व्यवस्थाही होती. जहाजावरच्या माणसाला किरणोत्सर्गी द्रव तोलावे-मापावे लागत नव्हते. मात्रा आधीच मोजून सील केलेली असे. हलत्या डेकवर मोठ्या बाटलीतून थेंब-थेंब काढण्याची वेळच येत नव्हती. पुढच्या चाळीस वर्षांत लिहिल्या गेलेल्या नियमपुस्तकांचे निम्मे शहाणपण त्या कुपीच्या आकारातच होते, असे म्हणता येईल.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची चाळीसेक जहाजे त्यात उतरली. भारताकडून नौदलाचे ‘किस्तना’ होते. अमेरिकेने जीवशास्त्रीय कामासाठी पाठवले ते ‘अँटन ब्रून’. हे जहाज म्हणजे पूर्वीची ‘विल्यम्सबर्ग’, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची सरकारी नौका. तिला नवे नाव मिळाले ते ‘गॅलाथिया’ मोहिमेचे नेते, डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ अँटन ब्रून यांचे. ते १९६१ मध्ये निवर्तले होते. १९६३ च्या आरंभी हे जहाज मुंबई बंदरात होते. पश्चिम हिंदी महासागरातील उत्पादनक्षमता त्यावरून कार्बन-१४ ने मोजली गेली, आणि अरबस्तान-सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा समुद्र मोसमी वाऱ्यांमुळे किती सुपीक होतो, याचे चित्र स्पष्ट झाले. अध्यक्षांचे दिवाणखाने ज्या जहाजावर होते, तिथे आता किरणोत्सर्गी बाटल्या मांडल्या जात होत्या.

इथवर सारे सुरळीत होते. अडचण आली ती दुसऱ्याच दिशेने.

कार्बन-१४ निसर्गातही असतो. विश्वकिरण वातावरणातील नायट्रोजनवर आदळून तो तयार होतो आणि समुद्राच्या पाण्यात विरघळतो. शिवाय १९५० च्या दशकात आणि १९६० च्या आरंभी झालेल्या अणुचाचण्यांनी त्यात मोठी भर घातली. १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते. समुद्रशास्त्रज्ञांना ही आपत्ती उपयोगाची वाटली. पृष्ठभागावरून हा नवा कार्बन किती वेगाने खाली उतरतो हे मोजले, तर समुद्राचे अभिसरण समजते. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र किती वेगाने पोटात घेतो, हेही समजते. तापमानवाढीच्या सगळ्या गणितांत हा दुसरा आकडा लागतो.

यासाठी १९७२ ते १९७८ या काळात ‘जिओसेक्स’ हा कार्यक्रम झाला. ‘नॉर’ आणि ‘मेलव्हिल’ या जहाजांनी अटलांटिक, पॅसिफिक आणि शेवटी हिंदी महासागर पिंजून काढला. एका नमुन्यासाठी सुमारे २७० लिटरची पोलादी पिंपे समुद्रात सोडावी लागत. पाण्यात आम्ल घालून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, तो अल्कलीत शोषून घ्यायचा आणि किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांत महिनोन्महिने मोजायचा, असा हा खटाटोप. इतके पाणी का? कारण नैसर्गिक कार्बन-१४ चे प्रमाण लाखो कोटी कार्बन अणूंमागे एखादा, एवढे विरळ असते.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात विरघळलेला अकार्बनी कार्बन साधारण २५ मिलिग्रॅम. आजच्या कार्बनच्या प्रत्येक ग्रॅममागे नैसर्गिक कार्बन-१४ ची क्रियाशीलता सुमारे ०.२३ बेकरेल. म्हणजे लिटरमागे ०.००६ बेकरेलपेक्षाही किंचित कमी. उलट प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातील एका बाटलीत जाणारे ५ मायक्रोक्युरी म्हणजे १,८५,००० बेकरेल.

भागाकार केला तर उत्तर येते सुमारे ३ कोटी लिटर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावांना दहा हजार लिटरचे टँकर जातात. तसे तीन हजार टँकर भरतील एवढ्या समुद्राच्या पाण्यात मिळून जेवढा नैसर्गिक कार्बन-१४ असतो, तेवढा त्या एका बाटलीत असतो. आणि एका दिवसाच्या प्रयोगात अशा वीसेक बाटल्या लागतात.

माणसाच्या आरोग्याच्या हिशेबात जी गोष्ट किरकोळ, तीच शेजारच्या टेबलावरील विज्ञानाच्या हिशेबात सर्वनाश. जहाजावरील किरणोत्सर्गाच्या सुरक्षेचा इतिहास या दरीतून घडला आहे. शास्त्रज्ञांनी नियम केले ते प्रामुख्याने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी नव्हे. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याचा समुद्र बाटवू नये म्हणून.

हे बाटणे घडते कसे? प्रयोगाच्या शेवटी गाळणपटावर चिकटलेला, प्लवकांनी न घेतलेला कार्बन काढून टाकावा लागतो. त्यासाठी गाळणपट आम्लाच्या वाफेत ठेवतात. आम्ल लागताच बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि उडून जातो. तो धूरखिडकीतून बाहेर गेला तर ठीक. नाहीतर जहाजाच्या वातानुकूलनाच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतो. खालच्या प्रयोगशाळेत कोणी नैसर्गिक नमुन्यासाठी अल्कली उघडी करून बसले असेल, तर अल्कलीला असल्या वायूची मोठी ओढ. ती तो आनंदाने शोषून घेते.

दुसरा मार्ग याहून साधा. सांडलेला थेंब बुटाच्या तळाला लागतो, बूट जिन्यावर जातो, हात दाराच्या मुठीला लागतो. जहाज हे बंदिस्त गाव आहे. एकच भोजनकक्ष, एकच जिना, एकच शीतकपाट. समुद्र खवळला की टेबलावरच्या वस्तू खाली येतात. आणि संशोधन-जहाज एका चमूचे नसते. या महिन्यात जीवशास्त्रज्ञ, पुढल्या महिन्यात रसायनशास्त्रज्ञ. आधीच्या चमूने काय सांडले हे पुढच्याला कळण्याचा मार्ग नाही. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. जहाज भंगारात निघाले तरी डाग ताजाच.

हा डाग दिसतही नाही. गायगर गणक फिरवून मोठी सांडलवंड सापडेल, पण नैसर्गिक पातळीच्या प्रयोगाला मारक ठरणारा सूक्ष्म डाग त्याला उमगत नाही. ट्रिटियमचे तर विचारूच नये. हा हायड्रोजनचा किरणोत्सर्गी भाऊ. समुद्रातील जिवाणूंच्या वाढीचे मोजमाप करण्यासाठी १९८० च्या दशकात त्याने चिन्हांकित केलेली थायमिडीन आणि ल्युसीन ही द्रव्ये वापरात आली. त्याचे बीटा कण इतके दुबळे की गणकाच्या पडद्यातूनही आत शिरत नाहीत. गळ्यातल्या किरणोत्सर्ग-बिल्ल्यावरही त्यांची नोंद होत नाही. इकडे नैसर्गिक ट्रिटियमचे एकक आहे दहावर अठरा घातांक हायड्रोजन अणूंमागे एक अणू, म्हणजे लिटरमागे ०.१२ बेकरेल. तेही समुद्राचे वय काढायला वापरतात. एकाच मूलद्रव्याचे पुन्हा दोन उपयोग, आणि पुन्हा तीच भाऊबंदकी.

आकडा स्वच्छ असणे किती निर्णायक असते, याचा धडा समुद्रशास्त्राला त्याआधीच मिळाला होता. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे अमेरिकेने ‘ब्राव्हो’ हा १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. ‘लकी ड्रॅगन क्रमांक ५’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जण त्याच्या राखेत सापडले. त्यांपैकी आइकिची कुबोयामा सप्टेंबरात मरण पावले. समुद्र अफाट आहे, किरणोत्सर्ग त्यात विरून जाईल, अशी अमेरिकी अधिकाऱ्यांची भूमिका होती. जपानने मे महिन्यात ‘शुन्कोत्सु मारू’ हे जहाज थेट त्या प्रदेशात पाठवले. बिकिनीपासून शेकडो किलोमीटरांवरही पाणी, प्लवक आणि मासे किरणोत्सर्गी आढळले. सजीवांत तर पाण्यापेक्षा पुष्कळच जास्त. पुढच्या वर्षी अमेरिकेने स्वतःचे ‘टेनी’ हे जहाज पाठवून पश्चिम पॅसिफिकची पाहणी केली, तेव्हा प्रवाहासोबत सरकलेला किरणोत्सर्ग त्यांनाही सापडला.

वाद तेवढ्यावर संपला नाही. यासुओ मियाके आणि त्यांच्या सहकारी कात्सुको सारुहाशी यांनी जपानजवळच्या समुद्रात मोजलेले सीझियम-१३७ हे कॅलिफोर्नियाजवळच्या अमेरिकी मोजमापांपेक्षा कितीतरी जास्त होते. जपानी विश्लेषणातच चूक असणार, हा आक्षेप आला. अखेर १९६२ मध्ये सारुहाशी स्वतः स्क्रिप्स संस्थेत गेल्या आणि थिओडोर फॉल्सम यांच्यासमवेत सहा महिने तेच नमुने दोन पद्धतींनी मोजले. त्यांची पद्धत अचूक ठरली. परक्या देशात, परक्या प्रयोगशाळेत, संशय घेणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हे सिद्ध करावे लागले, हे ध्यानात घ्यावे. समुद्राच्या किरणोत्सर्गाविषयी जो आकडा सत्तेला गैरसोयीचा असतो, त्याला पाडण्यासाठी ‘तुमचे भांडे अस्वच्छ होते’ एवढे म्हणणे पुरते. नमुन्याची, प्रयोगशाळेची आणि जहाजाची स्वच्छता म्हणूनच केवळ घरकामाची बाब राहत नाही.

या समस्येला रीतसर उत्तर मिळाले ते मायामी विद्यापीठाच्या ट्रिटियम प्रयोगशाळेतून. गोटे ओस्टलुंड या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालील ही प्रयोगशाळा ‘जिओसेक्स’चे नमुने मोजत होती. आपल्या नमुन्यांना कोणते डाग लागू शकतात, हे तिच्याइतके कोणाला कळणार? तिने जहाजांसाठी ‘स्वॅब’ तपासणी सुरू केली. तंत्रज्ञ बंदरात येतो, ओल्या बोळ्याने टेबले, मुठी, नळ, शीतकपाटे, जमीन, हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्यांची तोंडे पुसतो, आणि ते बोळे संवेदनशील द्रव-प्रस्फुरण गणकात मोजतो. किती पुसले त्यापेक्षा कोठे पुसले याला महत्त्व. डाग सापडला की धुवायचे, पुन्हा पुसायचे, पुन्हा मोजायचे. धुण्याने गेला नाही तर टेबलाचा पृष्ठभागच उखडून टाकायचा.

अमेरिकी विद्यापीठांच्या जहाजांवर मग दुसरा उपाय रुळला: किरणोत्सर्गी काम जहाजाच्या आत करायचेच नाही. वीस फुटी मालवाहू कंटेनरात छोटी प्रयोगशाळा बसवून ती डेकवर बांधायची. तिचे बेसिन वेगळे, सांडपाण्याची टाकी वेगळी, शीतकपाट वेगळे, धूरखिडकी वेगळी. कुपी फुटेल ती याच पेटीत. आत जाताना पादत्राणे बदलायची, बाहेर येताना हात आणि तळवे तपासायचे. आतली पेन्सिलसुद्धा बाहेर यायची नाही. टेबलांना काठ, काठाच्या आत ट्रे, ट्रेमध्ये शोषक कागद. म्हणजे जहाज कलले आणि बाटली आडवी झाली तरी थेंब ट्रेबाहेर जाऊ नये. सफर संपली की पेटी किनाऱ्यावर उतरते. जहाज तेवढ्यापुरते निर्मळ.

मराठी वाचकाला यात सोवळ्या-ओवळ्याची आठवण होणे साहजिक आहे: वेगळे पाणी, वेगळे वस्त्र, उंबरठ्यावरचे नियम. साम्य वरवरचे खरे, पण गमतीचे नक्की. फरक एवढाच की येथे विटाळ मोजता येतो, आणि तो कोणाच्या जन्मावरून ठरत नाही. ज्येष्ठ प्राध्यापकाचा बूटही बोळ्याने पुसला जातो.

१९९० च्या दशकात नैसर्गिक कार्बन मोजण्याचे तंत्र पालटले. त्वरक वस्तुमानमापीला २७० लिटरचे पिंप लागत नाही, अर्धा लिटर पाणी पुरते. काम सोपे झाले, धास्ती मात्र वाढली. नमुना लहान म्हणजे एका सूक्ष्म कणाचाही परिणाम मोठा. शिवाय बाटलेला एक नमुना यंत्रात गेला तर तो स्वतःचा आकडा बिघडवून थांबत नाही. यंत्राच्या आत कार्बन मागे ठेवतो आणि पुढच्या नमुन्यांवरही सावली टाकतो. तेव्हापासून नमुने स्वीकारण्याआधी जहाजाच्या स्वॅबचा निकाल मागण्याची रीत पडली.

याच कुपीची एक उलटी कथाही आहे. १९८२ मध्ये फिट्झवॉटर, नॉअर आणि मार्टिन या कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले की कार्बन-१४ च्या द्रावणात व बाटल्यांत धातूंचे अंश असत, आणि ते प्लवकांना विषारी ठरत. म्हणजे तीस वर्षे जगभर मोजल्या गेलेल्या उत्पादनाच्या आकड्यांपैकी कित्येक कमी भरले होते, कारण मोजणाऱ्याने प्लवकांना मोजता मोजता आजारी पाडले होते. कुपीतून बाहेर काय सांडते याची चिंता सारे करत होते. कुपीतून बाटलीत काय जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. त्यानंतर द्रावणे शुद्ध करणे, बाटल्या आम्लाने धुणे, लोखंडी तारेऐवजी धातुविरहित दोराने पाणी काढणे, ही शिस्त आली.

भारतात या इतिहासाचे दोन धागे मुंबईतूनच निघतात. तुर्भ्याच्या अणुसंस्थेत ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली आणि समस्थानिके देशात तयार होण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १९८९ मध्ये हे काम ‘ब्रिट’ या मंडळाकडे गेले. त्याचे मुख्यालय वाशीला. अरबी समुद्रावरील भारतीय सफरींत वापरल्या गेलेल्या कार्बन-१४ च्या कुप्या याच मंडळाच्या. दुसरीकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी निसर्गाने बनवलेल्या अतिविरळ समस्थानिकांच्या मागे होते. १९६० मध्ये लाल यांनी गोल्डबर्ग व कोइदे यांच्यासह समुद्री स्पंजांत विश्वकिरणांनी घडवलेला सिलिकॉन-३२ शोधून काढला. १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले आणि हे कामही तिकडे वाढले. एक धागा समुद्रात किरणोत्सर्ग घालणारा, दुसरा समुद्रात असलेला किरणोत्सर्ग शोधणारा. आणि दोघांचा पत्ता काही काळ एकाच शहरातला.

हिंदी महासागर मोहिमेची फलश्रुती म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे घर गोव्यातील दोना पावला. १९७६ पासून तिच्याकडे ‘गवेषणी’ हे जहाज होते. मूळचा गाळ वाहणारा तराफा बदलून ते घडवलेले. पण भारतीय समुद्रविज्ञानाची एक पिढी त्यावर तयार झाली. १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली ‘सागर कन्या’ आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अणुऊर्जा नियामक मंडळही स्थापन झाले. किरणोत्सर्गी द्रव्य वापरणाऱ्या संस्थेत विकिरण सुरक्षा अधिकारी असणे, साठ्याची नोंद ठेवणे, उरलेले द्रव्य परत आणणे, या बाबींना नियमांचे बळ मिळाले.

१९९२ ते १९९७ या काळात अरबी समुद्रातील कार्बनचक्राचा मोठा भारतीय अभ्यास झाला. पावसाळी वाऱ्यांत अरबी समुद्र सुपीक होतो हे ठाऊक होते. या अभ्यासात पुढे आले की हिवाळ्यातही ईशान्य अरबी समुद्र बहरतो: उत्तरेकडून येणारे थंड, कोरडे वारे पृष्ठभाग गार करतात, गार पाणी जड होऊन खाली जाते आणि खालची पोषकद्रव्ये वर येतात. दोना पावल्याच्या मधुप्रताप व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे ‘नेचर’मध्ये मांडले. त्यामागे ज्या उत्पादनक्षमतेच्या नोंदी होत्या, त्या वाशीच्या कुप्यांनी घेतलेल्या. आणि त्याच दशकात, त्याच समुद्रात, अहमदाबादचे संशोधक पाण्यातील नैसर्गिक व बॉम्बजन्य कार्बन-१४ मोजून ‘जिओसेक्स’च्या आकड्यांशी ताडत होते. मुद्दाम घातलेला कार्बन आणि मुळात असलेला कार्बन, दोन्हींची मोजणी एका समुद्रात काही वर्षांच्या अंतराने व्हावी आणि दोन्ही निकाल टिकावेत, यामागे गाळणपट नीट हाताळणाऱ्या, ट्रे पुसणाऱ्या, उरलेले पाणी पिंपात भरून ठेवणाऱ्या कनिष्ठ संशोधकांची कामगिरी आहे. शोधनिबंधात तिला पद्धती-विभागातली एक ओळ मिळते.

उरलेल्या पाण्याचा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नव्हे. जहाजाच्या कठड्यापलीकडे अथांग समुद्र असताना चार लिटर पाणी पिंपात जपून किनाऱ्यावर न्यायचे, हे कोणालाही विचित्र वाटेल. विसाव्या शतकाच्या मध्यात तर राष्ट्रेच हा विचार करत नव्हती. अमेरिकेने १९४६ ते १९७० या काळात किरणोत्सर्गी कचऱ्याची पिंपे समुद्रात टाकली, ब्रिटननेही टाकली. १९७२ च्या लंडन करारान्वये अतितीव्र कचऱ्यावर बंदी आली, १९८३ मध्ये सौम्य कचऱ्याला स्वेच्छेने स्थगिती मिळाली आणि १९९३ मध्ये संपूर्ण बंदीचा निर्णय झाला. जहाजावरच्या संशोधकाचे चार लिटर या पिंपांपुढे नगण्य. पण ज्या जागी ते ओतायचे, त्याच जागी तासाभराने कोणी नैसर्गिक नमुन्यासाठी बाटली खाली सोडणार असते.

अलीकडे अनेक प्रयोगशाळा कार्बन-१३ कडे वळल्या आहेत. हा स्थिर समस्थानिक. परवाना नको, पेटी नको, बोळे नकोत. त्याला पाणी जास्त लागते, यंत्र महाग लागते आणि संवेदनशीलता कमी पडते. हवाईजवळच्या एका ठिकाणी १९८८ पासून जवळपास दर महिन्याला जहाज जाऊन समुद्राची उत्पादनक्षमता कार्बन-१४ ने मोजते. पद्धत बदलली तर आजच्या आकड्याची १९८८ च्या आकड्याशी तुलनाच मोडेल, म्हणून कुपी आजही तीच आहे.